कानडी ‘ओले’, मराठी ‘ओलं’

बंगळूरला पोस्टिंग आली की मराठी माणसाला पहिल्या महिन्यात दोन कानडी शब्द हमखास चकवतात. पहिला ‘सौदे’. जुन्या वस्त्यांत अजूनही कुठं कुठं ‘सौदे डिपो’ अशी पाटी दिसते. बरोबरचा कानडी जवान ती वाचून दाखवतो आणि आपल्याला वाटतं, इथं जुन्या गाड्यांचा नाहीतर प्लॉटचा काही सौदा होत असणार. आत डोकावलं तर लाकडांच्या थप्प्या आणि वजनकाटा. कानडीत सौदे म्हणजे जळण, सरपण. दुसरा शब्द ‘ओले’. त्याचा अर्थ चूल. आपल्याकडं ओले म्हणजे भिजलेले. कानडी ‘ओ’ आखूड आहे, पण नव्या कानाला तो फरक कळत नाही.

दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग. तरी ओल्या लाकडावर मला बरेच दिवस लिहायचं होतं आणि त्यासाठी बंगळूरइतकी योग्य जागा नाही. कारण खेड्यातल्या चुलीचा शास्त्रीय विचार देशात ज्या मोजक्या ठिकाणी नेटानं झाला, त्यातलं एक इथंच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गेल्या चाळीस वर्षांत आपण चूल बदलण्यावर भरपूर डोकं आणि पैसा खर्च केला. त्या चुलीत घालायचं लाकूड कोरडं असावं, याकडं मात्र त्या मानानं फारच कमी लक्ष दिलं. लाकूड वाळवण्याची आणि झाकून ठेवण्याची सोय ही पहिली सुधारलेली चूल. आणि ती सोय करणं हे बाईचं नव्हे, घरातल्या पुरुषाचं काम आहे. त्यात आपण फौजीही आलो.

मी पुरवठ्याच्या कामातला माणूस. पीठ, डाळ, तेल, रॉकेल आणि जळण यांचा हिशेब ठेवण्यात नोकरी गेली. म्हणून हा विषय मला स्वयंपाकघराइतकाच गोदामाचाही वाटतो.

आता बंगळूरची गोष्ट. इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत, ज्याला इथले जुने लोक अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, 1974 साली प्रा. अमूल्य रेड्डी यांनी एक केंद्र सुरू केलं. खेड्यांसाठी विज्ञान वापरायचं, हा त्याचा उद्देश. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून त्याचं नाव झालं ‘अस्त्र’. फौजी माणसाला नाव लगेच पटतं. रेड्डी मुळात विद्युतरसायनशास्त्रातले मोठे नाव, पण त्यांनी प्रयोगशाळेबाहेर पडून तुमकूर जिल्ह्यातल्या उंग्र्यासारख्या गावांत काम उभं केलं. खेड्यातलं घर कोणतं इंधन किती जाळतं, ते कोण आणतं, त्यात किती वेळ जातो, हे तिथल्या लोकांनी मोजलं. त्या मोजणीतून दिसलं की खेड्याच्या ऊर्जेचा सर्वांत मोठा भाग वीज नव्हे, डिझेल नव्हे, तर लाकूड आहे. आणि त्याचा बहुतेक भाग चुलीत जातो.

मग चुलीवर काम झालं. तयार झाली ती ‘अस्त्र ओले’. मातीचीच, पण तीन भांड्यांची. आग बंदिस्त, खाली जाळी, हवा येण्याचा मार्ग ठरलेला, धूर बाहेर न्यायला धुराडं. आपल्या तीन दगडांच्या चुलीत लाकडाच्या शंभर भाग उष्णतेतले साधारण दहा भाग भांड्याला पोहोचतात. अस्त्र चुलीत प्रयोगशाळेतल्या चाचणीत हा आकडा तिसाच्या वर गेला. म्हणजे तेवढ्याच स्वयंपाकाला लाकूड निम्म्याहून कमी. छोटी गोष्ट नाही ही.

याच काळात, 1983 साली, केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 2002 साली तो बंद होईपर्यंत देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं ‘लक्ष्मी’सारख्या चुली तयार केल्या. कर्नाटकात अस्त्र ओले गावोगाव गेली. आणि तरी आज आपल्या गावांत फिरलात तर त्या तीन कोटींपैकी किती दिसतील? बहुतेक ठिकाणी धुराड्याचं भोक राहिलंय आणि खाली पुन्हा जुनी चूल.

याची कारणं पुष्कळ सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. अनुदानासाठी घाईनं बांधलेल्या चुली, चुकलेली मापं, फुटलेले पाइप, दुरुस्तीला माणूस नाही. पण एक कारण या यादीत मागं राहतं. सुधारलेल्या चुलीचं तोंड लहान असतं. तिला बारीक फोडलेलं आणि कोरडं लाकूड लागतं. तीन दगडांच्या चुलीत बाई हातभर लांबीचं ओंडकं सारते आणि जळेल तसं पुढं ढकलते. नव्या चुलीनं तिला सांगितलं, हे लाकूड फोडून आण, वाळवून आण. फोडायचं कुणी, वाळवायचं कुठं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मग तिनं ओलंच घातलं. लहान तोंडाच्या बंदिस्त चुलीत ओलं लाकूड उघड्या चुलीपेक्षाही वाईट जळतं. धुराड्यात डांबरासारखी चिकट काजळी बसते, दोन पावसाळ्यांत वाट बुजते, आणि बाहेर जायचा धूर घरात उलटा येतो. मग घरातलं मोठं माणूस म्हणतं, ‘आपली जुनीच बरी होती.’

दोष चुलीवर येतो. लाकूड सुटतं.

ओलं लाकूड नेमकं काय करतं, हे एकदा नीट समजून घेऊ, कारण यात जाणत्यांचाही गैरसमज असतो. ताज्या तोडलेल्या लाकडात साधारण निम्मं वजन पाण्याचं असतं. म्हणजे शंभर किलो लाकूड आणलं तर पन्नास किलो लाकूड आणि पन्नास किलो पाणी. हे पाणी तापवून त्याची वाफ करायला उष्णता लागते. हिशेब मांडला तर पन्नास किलो पाण्याची वाफ करायला सात किलोच्या आसपास कोरडं लाकूड खर्ची पडतं. म्हणजे पन्नासातलं सात. साधारण सातवा हिस्सा. हे ऐकून कुणी म्हणेल, एवढंच ना? सातवा हिस्सा गेला तर गेला.

खरं नुकसान तिथं नाही. लाकूड जळतं म्हणजे काय होतं? आधी ते तापतं, मग त्यातून वायू निघतात, आणि ते वायू पेट घेतात. आपण जिला ज्वाळा म्हणतो ती त्या वायूंची. कोरड्या लाकडाच्या वजनातला सुमारे तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊन निघतो, उरलेला कोळसा होतो. हे वायू नीट पेटायला आगीत पाचशे-सहाशे अंशांच्या वरची उष्णता टिकावी लागते. लाकडात पाणी असेल तोवर ते शंभर अंशांच्या पुढं जातच नाही, आणि निघणारी वाफ भोवतालची आग थंड करत राहते. मग वायू निघतात, पण पेटत नाहीत. तसेच वर जातात. त्यालाच आपण धूर म्हणतो.

धूर म्हणजे न जळलेलं इंधन. डोंगरातून डोक्यावर आणलेल्या मोळीतला मोठा वाटा छपरातून बाहेर जातो, आणि जाताना आईच्या डोळ्यांतून, छातीतून जातो. ओल्या लाकडात सातवा हिस्सा पाण्याला गेला हे पाठ्यपुस्तकातलं गणित. घरातलं गणित असं, की मोळी तीच, पण भाकरी निम्म्या आणि खोकला दुप्पट.

आपल्याकडं म्हण आहे, सुक्याबरोबर ओलंही जळतं. ती आपण निरपराध माणूस गुन्हेगाराबरोबर भरडला जातो तेव्हा वापरतो. पण ती जन्मली असणार चुलीपुढंच. बायका ओल्या ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाळक्या काटक्या लावतात आणि त्यांच्या जिवावर तो पेटवतात. जळतं खरं, पण त्या दोन काटक्यांची भाकरी होत नाही. त्या ओंडका वाळवण्यात खपतात. जे काम मार्च-एप्रिलच्या उन्हानं फुकट केलं असतं, ते आपण ऐन पावसात चुलीत, पैसे आणि श्वास मोजून करून घेतो.

फौजेत ही गोष्ट वेगळ्या वाटेनं कळते. उंचावरच्या ठाण्यांवर जिथं लाकडाची बुखारी पेटते, तिथं नवा जवान आला की आधी त्याला बुखारी शिकवतात. पाइप कधी ठोकायचा, राख कधी काढायची, झोपताना हवेची फट उघडी ठेवायची. ओलं लाकूड आत घालायचं नाही, हे त्यातलंच. धुमसणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. म्हणून तिथं लाकडाची थप्पी छपराखाली, जमिनीपासून उचललेली, आणि आधी आलेलं लाकूड आधी वापरायचं असा नियम. अशा एका डोंगरी ठाण्यावर आमचे सुभेदार साहेब दोन फळ्या एकमेकींवर आपटून बघायचे. ठण्ण वाजलं तर पास. ढप्प वाजलं तर म्हणायचे, ‘इसको अगले साल लाना.’

त्यांच्या त्या कसोटीला कसलंही यंत्र लागत नाही. कोरडं लाकूड ठणठणीत वाजतं, हातात हलकं लागतं, टोकाला चिरा पडलेल्या असतात आणि साल सुटलेली असते. ओलं लाकूड जड लागतं, चुलीत घातलं की सूं सूं करतं आणि दुसऱ्या टोकाला फेस आणतं. तो फेस म्हणजे तुमचेच पैसे उकळताना दिसतायत असं समजा.

आणि पैसे खरोखरच उकळतात, कारण शहरात लाकूड वजनावर विकलं जातं. बंगळूरच्या डिपोत निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक असं लागवडीचं लाकूड दिसतं. विकणाऱ्याच्या दृष्टीनं लाकूड जितकं ताजं तितकं वजन जास्त. सहा महिने रचून ठेवलं तर जागा अडते, भांडवल अडकतं आणि वजनात घट येते. वाळवण्याचं बक्षीस बाजार त्याला देत नाही, उलट दंड करतो. धान्याच्या बाजारात ओलावा मोजून भाव कापतात. सोयाबीन विकायला नेलं की व्यापारी आधी ओलावा बघतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. जळणाला तो नियम का नाही? कारण जळण विकत घेणारा बहुतेक वेळा गरीब असतो आणि तो भाव पाडू शकत नाही.

1983 सालीच अमूल्य रेड्डी आणि सुधाकर रेड्डी यांनी बंगळूरच्या जळणावर ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक लेख लिहिला होता. त्याच्या शीर्षकातच थरांत विभागलेल्या समाजातली ऊर्जा असा शब्दप्रयोग होता. चाळीस वर्षांत शहर पार बदललं, पण थर गेले नाहीत, फक्त सरकले. आज बंगळूरमध्ये लाकूड तुम्हाला दोन टोकांना दिसेल.

एका टोकाला खानावळी. इथल्या मिलिटरी हॉटेलांचा आणि आपला जुना संबंध आहे. 1638 नंतर बंगळूर शहाजीराजांची जहागीर होती, आणि मराठा सैनिकांसाठी निघालेल्या खानावळींतून ‘मिलिटरी हॉटेल’ हे नाव आलं असं इथं सांगतात. खरंखोटं इतिहासकार ठरवतील, पण जयनगरच्या 1935 पासूनच्या शिवाजी मिलिटरी हॉटेलचं नाव वाचून मराठी जवानाची पावलं आपोआप वळतात. लाकडाच्या आगीवरची बिर्याणी हे अशा खानावळींचं भूषण, आणि होस्कोट्याला तर पहाटेच्या बिर्याणीसाठी लोक अंधारात गाड्या काढतात. अशा कुठल्याही चांगल्या खानावळीच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. लाकूड रचलेलं असतं, फोडलेलं असतं, वाळलेलं असतं. आचारी ओल्या लाकडाला हात लावत नाही, कारण शंभर माणसांचा हंडा त्याला ठरल्या वेळी उतरवायचा असतो. कोरडं लाकूड त्याला परवडतं, कारण थप्पी घालायला जागा आणि आगाऊ द्यायला पैसे त्याच्याकडं आहेत.

दुसऱ्या टोकाला मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. रायचूर, यादगीर, कलबुर्गीकडून आलेली कुटुंबं मोठमोठ्या इमारतींच्या कडेला राहतात. त्यांचं जळण म्हणजे वादळात पडलेल्या फांद्या आणि सेंट्रिंगचे तुकडे. फांदी काल पडली, आज चुलीत. ती पेटत नाही, म्हणून प्लास्टिकची पिशवी, रबराचा तुकडा, नाहीतर रॉकेलचा शिंतोडा. संध्याकाळी त्या वस्तीवरून जाताना जो काळपट, नाकाला झोंबणारा धूर लागतो, तो लाकडाचा कमी आणि लाकूड पेटवायच्या धडपडीचा जास्त असतो. आत चार महिन्यांचं मूल झोपलेलं असतं.

खानावळीतलं लाकूड आणि पत्र्याच्या खोलीतलं लाकूड यांत झाडाचा फरक नाही. फरक सहा महिन्यांचा आहे. कोरडं लाकूड म्हणजे शिल्लक. ज्याच्याकडं सहा महिने थांबायची ऐपत, त्यालाच ते मिळतं. रोज आणून रोज खाणाऱ्याच्या नशिबी ओलं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की आता गॅस आलाय, लाकडाचं कौतुक कशाला? गॅस आला हे फार चांगलं झालं. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत सिलिंडर पोहोचले. गॅस असेल तर गॅसच वापरावा, याबद्दल माझं दुमत नाही. पण 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातल्या शंभरातल्या जेमतेम 43 घरांत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन मुख्य होतं. आणि ज्या घरात गॅस आहे तिथंही अंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण, हुरहुन्नरीची भाकरी आणि महिन्याच्या शेवटी संपलेला सिलिंडर यांसाठी चूल आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2020 साली घरातल्या धुरामुळं जगात 32 लाख माणसं दगावली. गॅस सगळीकडं पोहोचेपर्यंतची वर्षं ही कुणाच्या तरी फुप्फुसातली वर्षं आहेत.

दुसरा आक्षेप चुलीचे जाणकार घेतात. ते म्हणतात, चांगली चूल द्या, ती इंधन सांभाळून घेईल. याचं उत्तर याच शहरानं दिलंय. या शतकाच्या पहिल्या दशकात विज्ञान संस्थेच्या ज्वलनशास्त्रज्ञांनी एका मोठ्या तेल कंपनीबरोबर ‘ऊर्जा’ नावाची शेगडी आणली. लहानसा पंखा, वायू वेगळे करून जाळायची युक्ती, धूर जवळजवळ नाही. महाराष्ट्र-कर्नाटकात ती खूप खपली. पण तिला लागायच्या शेतातल्या काडीकचऱ्यापासून दाबून केलेल्या, पूर्ण कोरड्या कांड्या. कांड्यांचा भाव चढला, मिळणं अवघड झालं, तशी शेगडी कोपऱ्यात गेली. मशीन उत्तम होतं, दारूगोळा संपला. कोणताही फौजी याचा धडा ओळखेल. शस्त्र कितीही चांगलं असो, पुरवठा नसेल तर ते लोखंड. चुलीचा पुरवठा म्हणजे कोरडं लाकूड, आणि त्याची योजना शस्त्राच्या आधी करायची असते.

तिसरा आक्षेप गावाकडचा. सुरू ओलाही जळतो, धुरानं डास जातात, वासे किडत नाहीत. सुरू ओलाही जळतो असा त्याचा लौकिक आहे खरा. पण जळणं आणि चांगलं जळणं वेगळं. धुरानं वासे टिकतात हेही खरं. तरी वाशाला वाळवी लागली तर वासा बदलता येतो.

चौथा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. वाळवायचं म्हणजे वेळ आणि जागा हवी, ती गरिबाकडं नाही. बरोबर आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न एकेका घरावर सोडून चालणार नाही. ग्रामपंचायत स्मशानभूमीला शेड बांधते. मेलेल्या माणसाच्या लाकडाला छप्पर आहे, जिवंत माणसाच्या लाकडाला नाही. वस्तीला एक सामाईक शेड, चार खांब आणि वर पत्रा, बाजू उघड्या, एवढं पुरतं. घरकुलाच्या नकाशात संडासाची जागा असते, तशी न्हाणीच्या भिंतीला लागून तीन फूट रुंद लाकडाची वळचण दाखवता येईल. बंगळूरमध्ये बिल्डरला मजुरांसाठी पत्र्याच्या खोल्या बांधता येतात, तर गॅसची व्यवस्था करता येईल, आणि ती होईपर्यंत सेंट्रिंगचं लाकूड पावसात न टाकता एका कोपऱ्यात झाकून ठेवता येईल. यात कुठलंही संशोधन नाही.

आता आपल्या घराकडं येतो, कारण हे वाचणारे बहुतेक जण माझ्यासारखेच गावाकडचे आहेत. माझं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या बाजूला. आमच्याकडं जूनच्या पहिल्या आठवड्यात पडायला लागलं की गणपतीपर्यंत ऊन दिसेल याची खात्री नाही. मागच्या जुलैत फोन केला. मी म्हटलं, ‘वहिनी, जेवलासा का?’ तिकडून उत्तर आलं, ‘कशाचं जेवान भावजी, सकाळधरनं चूल फुकतीया. आदी ती पेटायची, मग जेवान.’ गॅस होता, पण सिलिंडर आणायला गाडी जात नव्हती. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. बाईनं धुरात बसायचं, हे पावसाइतकंच नैसर्गिक धरलेलं.

ते नैसर्गिक नाही. लाकूड आणायचं काम गावात बहुतेक बायकाच करतात, पण ओंडका फोडणं आणि शेड उभं करणं हे अंगमेहनतीचं काम पुरुषाला सहज जमतं. आपल्याला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा मिळते, वर 30 दिवस किरकोळ रजा. बहुतेकांची रजा गणपती, दिवाळी, लग्नसराई यांत जाते. त्यातले चार दिवस लाकडाला द्या. काय करायचं ते सांगतो, फार नाही.

लाकूड दिवाळीनंतर तोडायचं किंवा विकत घ्यायचं, आणि आणल्याबरोबर फोडायचं. ओलं असतानाच ते फोडायला सोपं जातं. मनगटापेक्षा जाड तुकडा ठेवायचा नाही. लाकडाचं पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून जातं आणि साल ते अडवून धरते, म्हणून तुकडे आखूड आणि मधून चिरलेले हवेत. रास घालायची नाही, थप्पी रचायची. खाली दोन ओळी दगडांच्या किंवा विटांच्या, म्हणजे जमिनीची ओल चढत नाही आणि खालून वारा जातो. तुकड्यांमध्ये बोटभर फट. वरून पत्रा किंवा कौल. प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी गुंडाळायचा नाही, कारण लाकडातून निघालेली वाफ आतच अडकते आणि लाकडाला बुरशी येते. डोकं झाकायचं, अंग उघडं ठेवायचं. आपल्याकडं जानेवारी ते मे हा वाळवण्याचा काळ. बंगळूरच्या बाजूला एप्रिल-मेमध्येच वळीव सुरू होतात, म्हणून तिथं डिसेंबर ते मार्च धरून चालायचं.

वाळलं की नाही हे बघायची सोपी रीत आहे. थप्पीतले दहा तुकडे दोरीनं बांधून ताणकाट्यावर वजन करायचं आणि लाकडावरच खडूनं लिहायचं. दर पंधरा दिवसांनी पुन्हा तोलायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. शेवटचं काम मृग निघायच्या आधी करायचं, ते म्हणजे पावसाळ्यापुरतं जळण वळचणीला, चुलीच्या हाताशी आणून रचणं. चुलीला टेकवून मात्र नको, त्यानं घराला आग लागते.

हे सगळं आपल्या आज्या-पणज्यांना येत होतं. आगोटीच्या कामांत जळण भरणं हे लोणच्या-पापडाइतकंच महत्त्वाचं होतं. मधल्या काळात गडी शहरात आणि फौजेत गेले, जंगल लांब गेलं, आणि ते काम बाईच्या रोजच्या मोळीवर आलं. शास्त्रज्ञांनी चूल सुधारली, सरकारनं गॅस दिला. मधली ही कडी कुणाच्याच खात्यात बसली नाही.

ती आपल्या खात्यात बसते. यंदा रजेचा अर्ज भरताना फेब्रुवारीतले चार दिवस मागून बघा. वरिष्ठांनी कारण विचारलं तर सरळ लिहा, घरचं जळण फोडायचं आहे.